थोपटू नका, दाबून ठेवा

माझ्या लेकासाठी बिशपसाहेबांना पाठवायचा निरोप एवढाच होता: "डोक्यावर हात ठेवाल तेव्हा थोपटू नका. दाबून ठेवा, दहा आकडे होईस्तोवर." तो त्यांच्यापर्यंत पोचायला आम्हाला अकरा महिने लागले. त्याआधीची तेरा वर्षं वेगळीच.

माझा लेक सतरा वर्षांचा आहे. घरात त्याला बाबू म्हणतो, इथेही तेच म्हणते. चार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात आणि हा शब्द मला मुळीच पटत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला फ्रिज सुरू झाला की बाबूला इकडे कळतं. ट्यूबलाइट जायची असली की आठ दिवस आधीपासून तो तिच्याखाली बसत नाही. अशा माणसाला स्वतःत मग्न कसं म्हणायचं? भाचीनं मध्यंतरी 'न्यूरोडायव्हर्स' हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मेंदूची जडणघडण माणसागणिक वेगळी असते, त्यातली एकच बरोबर असं काही नसतं, असा त्याचा अर्थ. शब्द बोजड आहे, पण त्यात कीव नाही म्हणून मला चालतो.

सरकारी दवाखान्याच्या चकरा, प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं यथावकाश झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. म्हणजे सरकारदरबारी बाबू आहे. चर्चच्या रजिस्टरात मात्र त्याचा बाप्तिस्मा तेवढा नोंदलेला होता. पुढचा रकाना, दृढीकरणाचा, कोरा. दृढीकरण म्हणजे मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवायचा.

लहानपणी आम्ही त्याला घेऊन जायचो. ड्रम वाजला की तो कान दाबून बाकाखाली शिरायचा, मी त्याच्यामागे. एकदा उपासनेनंतर एका बाईंनी माझा हात हातात घेऊन अगदी मायेनं सांगितलं, "अगं, कशाला त्याचा जीव घेते? देव काय इथंच आहे? घरी प्रार्थना केली तरी ऐकतोच की." मायेनं म्हणाल्या म्हणूनच जास्त लागलं. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी आणि नवरा आळीपाळीनं जाऊ लागलो. एक रविवार त्याचा, एक माझा, आणि बाबू घरी.

त्याच सुमाराला कुणीतरी बाहेरून आलेल्या एका प्रार्थनावाल्यांना घरी घेऊन आलं. त्यांनी बाबूच्या डोक्यावर हात ठेवला, टाळूवर थपथप केली आणि मोठ्यानं आज्ञा देऊ लागले, याच्यातून निघ म्हणून. कोणाला निघ म्हणत होते ते मला त्या वेळी सुचलं नाही. सहा वर्षांचं पोरगं थरथर कापत होतं आणि मी आमेन म्हणत होते. म्हणाले होते ना सगळे, म्हणून मीही म्हटलं. त्या दिवसापासून बाबू डोक्याला हात लावू देत नाही. न्हावी नाही की काही नाही. केस तो झोपल्यावर कापतो आम्ही, दोन-तीन रात्री मिळून.

मग चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. घरभेटीला आले तेव्हा बाबू जमिनीवर मेट्रोचा व्हिडिओ लावून बसला होता. आमचं घर नागपुरात, कडबी चौकाजवळ. मेट्रोच्या ऑरेंज लाइनची स्थानकं त्याला दोन्ही दिशांनी पाठ आहेत. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो जाते, तिथं तो तासभर उभा राहू शकतो आणि आम्हालाही राहावं लागतं. बोलतोही बरंचसं मेट्रोच्याच भाषेत. बाहेर जायचं असेल तर "पुढील स्थानक कस्तुरचंद पार्क". पाहुणे जास्त वेळ बसले की "दरवाजे डावीकडे उघडतील". पाळकसाहेब जमिनीवर बसले, दोन स्थानकं गप्प राहिले, आणि मग मला विचारलं, "चर्चमध्ये त्याला नेमकं काय टोचतं?"

मी म्हटलं, ड्रम. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते.

ते म्हणाले, शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये घेऊन या, बघू. एप्रिल होता. आम्ही गेलो. बाबू सगळीकडे फिरला, बाकं मोजली, वेदीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. ड्रमवर पाळकसाहेबांनी हळू टिचकी मारली तर त्याने येऊन स्वतः एक मारली. छान चाललं होतं. मग उकडतंय म्हणून कुणीतरी कूलर लावला आणि बाबू दाराबाहेर. कूलरच्या मोटरचा पट्टा सैल होता, तो किंचाळायचा. आपल्याला तो आवाज ऐकूच येत नाही. मे महिन्यात नागपुरात कूलरची गार हवा तेवढी कळते. लहानपणचे जे रविवार मी ड्रमच्या नावानं लिहून ठेवले होते त्यातले निम्मे तरी कूलरचे असावेत. हिवाळ्यात तो बरा बसायचा, हे मला माहीत होतं की! पण मी त्याचा अर्थ लावला होता, नाताळ आहे म्हणून खूश आहे.

पण ४५ डिग्रीत कूलर बंद कोण करणार? पंच मंडळीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, विषय निघाला, पट्टा बदलायला पैसे नाहीत असं ठरलं. शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यातला एक कूलर बंद ठेवायचा आणि आम्ही तिथं बसायचं, असा तोडगा निघाला. त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसणाऱ्या दोन आज्या आमच्यावर रुसल्या आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. घामाच्या धारा लागायच्या. मी एका हातानं गीतांचं पुस्तक धरायचे आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठा हलवायचे. बाबूच्या कानांवर मोठे इअरमफ, कारखान्यात घालतात तसले. "चर्चमध्ये हेडफोन?" असं दोन रविवार झालं. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी मंचावरून जाहीर केलं की आपल्यात एक देवाचं खास लेकरू आलं आहे, सर्वांनी समजून घ्यावं. अख्खं चर्च वळून बघू लागलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. उपासना झाल्यावर मी त्यांना सांगितलं, साहेब, पुन्हा असं करू नका, करायचं असेल तर आधी आम्हाला विचारा. त्यांचा चेहरा पडला. पण नंतर त्यांनी प्रत्येक गोष्ट विचारून केली, ते खरं.

उपासनेचा क्रम मी मेट्रोच्या नकाशासारखा काढला. केशरी पट्टी, तिच्यावर गोल ठिपके: घंटा, गीत, पापांगीकार, वाचन, संदेश, अर्पण, आशीर्वाद. शेवटचं स्थानक झालं की चप्पल घालायची. एकेक स्थानक झालं की बाबू त्यावर कपड्यांचा चिमटा सरकवतो. पुढे काय आहे आणि किती उरलंय हे दिसलं की तो बसू शकतो. विशेष शाळेतल्या बाईंनी ही युक्ती मला सात वर्षांपूर्वी सांगितली होती, शाळेच्या वेळापत्रकासाठी. चर्चमध्येही ती चालेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'संदेश' हे स्थानक पंचवीस मिनिटांच्या वर गेलं की बाबू जाहीर करतो, "दरवाजे डावीकडे उघडतील." तरुण पोरं खुदुखुदू हसतात. पाळकसाहेबांचे संदेश हल्ली बावीस मिनिटांत आटोपतात आणि याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आम्ही कठड्याशी गुडघे टेकायचो, बाबू मध्ये. मला मिळायचं, त्याच्या वडिलांना मिळायचं, त्याच्यावरून ताट पुढे जायचं. कारण दृढीकरण झालेलं नाही. परत जागेवर येताना तो म्हणायचा, "बाबूले नाही." स्वतःचं नाव घेऊनच बोलतो तो. "आईले आहे. पप्पाले आहे. बाबूले नाही." रडायचा नाही. स्थानकाचं नाव सांगावं तसं सांगायचा.

दृढीकरणाचा वर्ग लागणार होता, बारा आठवड्यांचा, नऊ मुलं. मी अर्ज भरला आणि तिथं खरी गाडी अडली. पंच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भाऊंनी सरळ विचारलं, "त्याला समजते का पण? विश्वास कबूल करायचा म्हणजे समजून करायचा ना." प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. मलाही रात्री तोच प्रश्न पडायचा.

बाबूनं दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना चार दिवसांत पाठ केली. पाळकसाहेबांच्या आवाजात, तिसऱ्या आज्ञेनंतरच्या त्यांच्या खोकल्यासकट. भाऊ म्हणाले, ही तर पोपटपंची झाली. मी शाळेत शिकवते, वीस वर्षं पोरांच्या तोंडून पाठ केलेली उत्तरं ऐकतेय. बाकीच्या आठांनी दुसरं काय केलं होतं? त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना समजलंय का. मलाही पंधराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी जे बोलले असते ते आज ऐकवणार नाही.

बैठकीला माझे सासरे आले होते. पंच नाहीत, पण वयामुळे त्यांना कोणी अडवत नाही. ऐंशीच्या आसपास आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा ते पंचविशीचे होते आणि ही गोष्ट ते आम्हाला महिन्यातून एकदा तरी सांगतात. मला वाटलं, झालं, आता तेच पुराण. तेच निघालंही. म्हणाले, "तवा काय भांडणं होती माहीत आहे का? कोनी म्हणे तान्ह्या लेकराले बाप्तिस्मा देता येतेच नाही, त्याले काय समजते. कोनी म्हणे येते. एकमेकाइचं पटलं नाही. तरी एक झाले, दोन्ही बाप्तिस्मे चालतीन म्हणून लिहून ठेवलं. न् तू आता समजते का म्हणून विचारून राहिला?" मग थोडं थांबून, "अन् समजते त्याले. दर महिन्याले सांगते तो, बाबूले नाही म्हणून. कोनाले भेटलं न् कोनाले नाही, इतकं त समजते ना?"

भाऊ काही बोलले नाहीत. ठराव झाला, बिशपसाहेबांना विचारावं. त्यांचं उत्तर दोन ओळींत आलं: तयारी करा.

वर्गात बाबूमुळे आणखी एकीचं भलं झालं. एक मुलगी होती, मोठ्यानं वाचायची वेळ आली की तिला दर आठवड्याला ताप यायचा. अक्षरं तिच्यापुढे नाचतात. बाबूला तोंडी प्रश्न नकोत, चित्रं चालतील, असं ठरल्यावर पाळकसाहेबांनी ती मुभा सगळ्यांनाच दिली, आणि तिचा ताप गेला.

आमची तयारी वेगळीच होती. पहिली अडचण वेफरची, प्रभुभोजनात भाकर म्हणून देतात त्या पातळ चकतीची. बाबू मऊ, पांढरं काही खात नाही. दहीभात नाही, ब्रेड नाही, इडली तर डोळ्यांसमोर नको. वेफर टाळूला चिकटतो म्हणून थुंकणार, आणि कठड्याशी थुंकला तर काय होईल या विचारानं माझ्या पोटात गोळा यायचा. पाळकसाहेबांनी आशीर्वाद न झालेल्या वेफरचं एक पाकीट घरी दिलं. पहिला थुंकला. दुसरा थुंकला. पाचव्या दिवशी त्याने तो बोटांनी मोडला, टच्च आवाज आला, आणि त्याचे डोळे चमकले. पापडासारखा मोडतो! मग मोडून, ऐकून, खाऊ लागला. भाकर मोडायचीच असते, हे मला नंतर आठवलं.

दुसरी अडचण डोक्यावरचा हात, दृढीकरणाचा मुख्य भागच तो. हात न ठेवता नुसती प्रार्थना चालेल का, असं मी विचारलं होतं. सासरे म्हणाले, थांब जरा. त्यांनी संध्याकाळी मेट्रोचा व्हिडिओ चालू असताना हात बाबूच्या खांद्यावर ठेवायला सुरुवात केली, नुसता ठेवला नाही तर चांगला भार देऊन. हलका स्पर्श त्याला मुंगी चावल्यासारखा होतो. भार दिला की शांत होतो, जाड गोधडीत झोपतो तसा. थेरपिस्टनं हेच सांगितलं होतं, पण खांदा ते डोकं हे अंतर कापायला दीड महिना गेला. खांदा, मग मान, मग कानामागे, मग टाळू. रोज दहा आकडे मोठ्यानं. अकरावा म्हणायचा नाही, फसवायचं नाही. एके दिवशी सासऱ्यांचा हात भरून आला म्हणून त्यांनी आठलाच काढला, तर बाबूनं तो धरून परत डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "नऊ. दहा." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कुकरची शिटी काढून परत लावली.

तो रविवार आला. आम्ही सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं: बिशपसाहेबांशी, माईकवाल्याशी, ड्रमवाल्याशी. बाबूचा नंबर पहिला ठेवला होता, ताटकळायला नको म्हणून. एका घरच्यांनी आपल्या मुलीसाठी व्हिडिओवाला सांगितला होता, त्याच्याशी बोलायचं कुणालाच सुचलं नाही. बाबू वेदीकडे निघाला आणि त्या पोरानं तो पांढरा लाइट थेट त्याच्या तोंडावर मारला. बाबू किंचाळला, इअरमफ उडाले, आणि तो बाजूच्या दारातून व्हेस्ट्रीत, पाळकांच्या तयारीच्या खोलीत, गेला. मी मागे धावले. आत तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून "दरवाजे उघडतील, दरवाजे उघडतील" म्हणत होता. बाहेर उपासना पुढे सरकली. आठ मुलांची नावं एकामागून एक कानावर येत होती. मी मनातल्या मनात सगळ्यांवर भडकले होते, त्या व्हिडिओवाल्यावर, पाळकसाहेबांवर, बिशपवर, आणि मुख्य म्हणजे स्वतःवर, कशाला हा घाट घातला म्हणून.

आठवं नाव झालं आणि व्हेस्ट्रीचं दार उघडलं. बिशपसाहेब आत आले, मागे पाळकसाहेब आणि सासरे. बिशपांनी टोपी काढून मोडक्या हार्मोनियमवर ठेवली. मला विचारलं, "दाबून ना?" मी मान हलवली. बाबू भिंतीकडेच बघत होता. सासरे म्हणाले, "बाबू, दहा." बाबूनं डोकं पुढे केलं. बिशपांनी दोन्ही हात ठेवले, चांगले भार देऊन, आणि प्रार्थना सुरू केली. बाबूनं मोजायला सुरुवात केली. प्रार्थना लांब होती. "दहा" म्हणून बाबूनं डोकं काढून घेतलं आणि उरलेली प्रार्थना बिशपांनी दोन्ही हात हवेत तसेच धरून पूर्ण केली. नाताळचे आकाशकंदील, चटयांच्या गुंडाळ्या, केरसुणी, आणि आम्ही पाच जण.

घरी आल्यावर मी रडले, पण आनंदानं नाही. मला ते सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं. तेरा वर्षं ज्यांनी वळून पाहिलं त्यांना ते दिसायला हवं होतं. पाळकसाहेब संध्याकाळी आले आणि मार्काच्या सातव्या अध्यायातला तो बहिरा माणूस काढला. येशूनं आधी त्याला गर्दीतून एकीकडे नेलं, मग कानांत बोटं घातली. आपण बरं केल्याचं वाचतो आणि एकीकडे नेल्याचं सोडून देतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, साहेब, माझं पोरगं काही बरं करायचं नाहीये, आणि बाजूला घेणं आणि बाजूला सारणं यातला फरक मला कोण सांगणार? मलाही त्या बाईंनी मायेनंच सांगितलं होतं ना, घरीच प्रार्थना करा म्हणून? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बिशप परत बाहेर गेल्यावर नऊ नावं वाचली, बाबूचं पहिलं, आणि सगळी मंडळी उभी राहिली. तुम्ही आत होता, तुम्हाला दिसलं नाही.

हे मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही मी पूर्ण समाधानी नाही. पण ती व्हेस्ट्री आता मला पहिल्याइतकी अंधारी आठवत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कठड्याशी गेलो. पाळकसाहेबांनी वेफर बाबूच्या तळहातावर ठेवला, ठेवताना अंगठ्यानं दाबला. टच्च. खाल्ला. द्राक्षरसाचा छोटा पेला नाकाशी नेऊन परत दिला. तो अजून जमत नाही आणि कुणी आग्रह केला नाही. जागेवर परत येताना म्हणाला, "आईले आहे. पप्पाले आहे." पुढे काही बोलला नाही, चिमटा पुढच्या स्थानकावर सरकवला.

कूलरचा पट्टा बदलला गेला. भाऊ स्वतः मोटर काढून घेऊन गेले आणि शनिवारी बसवून दिली. त्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. आज्या आपल्या कोपऱ्यात परतल्या आहेत. त्यातली एक बाबूला दर रविवारी खिशातून शेंगदाण्याची चिक्की देते. ती कडक असते, मोडताना आवाज येतो.

आता हंगामाचा सण आहे, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. भोपळे, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव होतो, बोली लावणारे माईक तोंडाला चिकटवून ओरडतात, आणि कोंबड्याही ओरडतात. त्याला स्थानकं नाहीत. कोणता भोपळा किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. लिलाववाल्यांशी अजून बोलायचं राहिलंय. आणि या वेळी व्हिडिओवाल्याशीही.